समुद्र फरीदाबादला बनतो

स्वेटरच्या बाहीवर दोन केस सापडले. मग तिसरा होता का?

या एका प्रश्नाने माझ्या चार रात्री खाल्ल्या. केस माझ्या मुलीचे, ईराचे. लांब, तेल लावलेले. तिसरा कुठे असू शकतो ते शेवटी सांगते, कारण त्याआधीचं कळल्याशिवाय त्यातली भीती कळायची नाही. शिवाय आमच्या ऑफिसात किस्से फरीदाबादच्या धुळीसारखे आहेत. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा टेबलावर थर! समुद्रापासून हजारएक किलोमीटर लांब बसून समुद्राचं यंत्र बनवणाऱ्यांचं दुसरं काय होणार?

आधी यंत्र. खारं पाणी गोडं करायचं तर ते एका बारीक पडद्यातून प्रचंड जोराने ढकलावं लागतं. जमिनीवर तो जोर पंप लावतात आणि वीज खातात. आमचं म्हणणं एवढंच, की पाचशे मीटर खोल समुद्र स्वतःच तेवढा दाबतो, तर यंत्रच खाली सोडा ना! मीठ पडद्याबाहेर राहील, गोडं पाणी आत जमेल, आपण फक्त ते वर ओढायचं. म्हणून यंत्राचं नाव घागर.

बनवणारे कोण? आमचे प्रमुख साने सर. जन्म करोल बागेतला, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पस्तिसाव्या वर्षी. पडद्याचं काम शबानाकडे. ती रत्नागिरीची, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत आमच्यातली एकमेव अधिकारी व्यक्ती. स्टोअर सांभाळणारे त्यागीजी इथलेच, बल्लभगढचे. आणि मी. घागरीच्या झाकणाला जी रबरी कडी असते, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून, ती माझी जबाबदारी. थोडक्यात, मला काळजी करण्याचाच पगार मिळतो!

*

पैसे मंजूर करणारे साहेब हरयाणातल्या एका गावचे. फाइल बघून म्हणाले, "समंदर इतना दबाता है, तो पानी ऊपर भी वही फेंक देगा. पंप काट दीजिए."

साने सरांनी शांतपणे समजावलं, "सर, कुआँ भरा हो तब भी बाल्टी तो खींचनी पड़ती है ना?"

साहेबांना पटलं. जुन्या आठवणीत रमून म्हणाले, "हमारे यहाँ तो बहू खींचती थी."

शबानाने वही उघडली, पेन काढलं. "तो बहू सैंक्शन कर दीजिए, सर. कितने हॉर्सपावर की?"

पंप त्याच दिवशी मंजूर झाला!

*

चाचणीसाठी समुद्र आम्हालाच बनवावा लागतो. मागे शेडमध्ये मोठी टाकी आहे, तिच्यात पाणी आणि मोजून मीठ. एकदा रीडिंग काही केल्या जुळेना. पडदा तपासला, पंप तपासला, मी सवयीने माझी कडी तपासली. मग शबानाने टाकीत डोकावून पाहिलं. "अगं, हा समुद्र गुलाबी का दिसतोय?"

त्यागीजींना बोलावलं. ते अजिबात गडबडले नाहीत.

"मैडम, नवरात्रे चल रहे हैं. घर का हो या सरकारी, नौ दिन तो सेंधा ही चलेगा."

दहा पोती सैंधव! साने सर रागावणार म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघितलं, तर ते स्वतः साबुदाण्याची खिचडी खात होते. घास गिळून म्हणाले, "तसं चुकीचं नाही म्हणता येणार."

दसऱ्याला समुद्राने उपास सोडला, आणि रीडिंग बरोबर आलं.

*

याच टाकीशेजारी दाब देणारं एक पोलादी भांडं आहे. पाचशे मीटर खाली काय होतं ते त्यात दिसतं. चहाचा थर्मोकोलचा कप आत ठेवला की बाहेर येताना अंगठ्याएवढा होऊन येतो! असा एक कप मी ईराला नेऊन दिला. पाच वर्षांची आहे. तिने तो शाळेत नेला आणि सगळ्यांना सांगितलं, की माझी मम्मा समुद्र बनवते.

पेरेंट-टीचर मीटिंगला बाईंनी कौतुकाने विचारलं, "तो बेटा, आप मम्मा के साथ समंदर देखने कब गए थे?"

"मम्मा जाती नहीं," ईरा म्हणाली. "मम्मा बस बनाती है."

समुद्र दाखवायचं वचन मी तिला दिवाळीच्या सुट्टीत दिलं होतं. मग नाताळच्या. मग "घागर एकदा जाऊ दे" असं. "चलो, ठीक आहे," ती म्हणायची. पाच वर्षांच्या मुलीने एवढ्या समजूतदारपणे 'ठीक आहे' म्हटलं की आपण आई म्हणून नापास, असं मला तरी वाटतं.

*

घागर निघाली संक्रांतीच्या आठवड्यात. ही खऱ्या समुद्रातली पहिली आणि, वरून आलेल्या पत्राप्रमाणे, शेवटची संधी होती. पाणी खारं आलं तर प्रकल्प बंद. साने सर दर संक्रांतीला पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या युद्धस्मारकाला, जाऊन डोकं टेकवून येतात. या वर्षी गेले नाहीत. "एका वर्षाला एक पानिपत पुरे," म्हणाले.

जाण्याआधी पूजा हवीच. सरांनी घागरीवरच नारळ फोडला. टाळ्या झाल्या, पेढे झाले. मग खारेपणा मोजणारा सेन्सर लावून बघितला, तर आतलं पाणी खारट!

दोन दिवस ऑफिसात कुणी हसलं नाही. मी माझी कडी काढली, पुसली, बसवली. पुन्हा काढली. शेवटी शबानाने सेन्सर हातात घेऊन नाकाशी नेला.

"सर, याला नारळाचा वास येतोय."

नळीचं टोपण उघडं होतं आणि नारळाचं पाणी थेट आत गेलं होतं. सेन्सरच्या लेखी ते खारंच! शबाना म्हणाली, "आमच्याकडे नारळ समुद्राला देतात सर, यंत्राला नाही!"

सगळे पोट धरून हसले. मी सोडून. कारण इतकी काढघाल झालेली कडी टाकून मला घागर ट्रकवर चढायच्या दिवशी सकाळी नवीन बसवावी लागली, घाईत, आणि त्यानंतर दाबाखाली तपासायला वेळच उरला नाही. त्या सकाळी घरून निघताना मी ईराच्या दोन वेण्या घातल्या होत्या. हातात मोजे होते. पण बाही? ट्रक गेल्यावर बाहीवर दोन केस दिसले. कडीखाली एक केस राहिला तरी समुद्राला तेवढी वाट बास होते.

*

जहाजावर तीन जागा होत्या. मी नाही म्हटलं. ईरा लहान आहे, असं कारण दिलं. खरं म्हणजे त्या कडीसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. सर आणि शबाना गेले. मी आणि त्यागीजी इकडे फोनसमोर बसलो. त्यागीजींनी आमच्या यंत्राचं पाणी आजवर कधी तोंडाला लावलं नव्हतं. "टेस्ट का पानी है, पीने का थोड़े ही है," हे त्यांचं ठरलेलं.

ट्रक गेल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"वर आलं!" शबाना ओरडली. मागे वारा.

"खारं?"

"थांब, चाखते."

एवढा वेळ कुणाला पाणी चाखायला लागतो?

"अगं, आमच्या घरच्या विहिरीपेक्षा छान आहे! सर तर तीन पेले प्यायले, रडतायत आणि पितायत!"

मी त्यागीजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "शबाना मैडम से कहिए, एक बोतल मेरे लिए भी."

*

घरी पोचले तेव्हा ईरा जमिनीवर बसून तो छोटा कप रंगवत होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वेण्या, बाही, दोन केस, मला न लागलेली झोप.

"घागरीत तुझा केस गेलाच नव्हता ईरा! एकसुद्धा नाही!"

तिने ब्रश खाली ठेवला. वेणी पुढे ओढून शेंडा निरखून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे माझा केससुद्धा नाही गेला समुद्रात?"