एकविसावा डबा

भाद्रपदातल्या एका दुपारी पुण्यात मुलाच्या घरी भाजी निवडत बसले होते आणि सोलापूरहून समोरच्या नागनाथकाकांच्या सुरेखाचा फोन आला. "बाई, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली. ती चार दिवस माहेरी आली होती; अण्णा जेवून पडले होते, चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत... नागनाथकाका तसे कधीच कुणाला त्रास न देणारे. जातानाही त्यांनी तेच केलं. संध्याकाळच्या गाडीने मी सोलापूरला निघाले. मोहोळ मागे पडल्यावर मनात आलं, आता सहा-सात आठवड्यांत दिवाळी येईल आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत भाजलेल्या दाण्यांचा, सुंठीचा आणि तापलेल्या साखरेचा तो वास येणार नाही.

आमची घरं समोरासमोर. काका पाणीपुरवठ्याच्या नोकरीत होते. लांब दांड्याची लोखंडी किल्ली घेऊन पेठेतले व्हॉल्व्ह फिरवायचं त्यांचं काम. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्याच्या हातात ती किल्ली त्याला सगळं गाव ओळखतं. काका सायकलवरून दिसले की बायका दारातून विचारायच्या, "काका, आमच्याकडं कवा?" आणि ते न थांबता सांगायचे, "भांडी घासून ठिवा, आलंच." कमी बोलणारा, शब्दाचा पक्का आणि तितकाच हट्टी माणूस.

कलावतीकाकू त्यांच्या अगदी उलट. बोलघेवड्या, हसऱ्या. दिवाळीत आमच्या गल्लीत सगळ्यांकडे चिवडा-चकली व्हायची, पण काकूंचे पाकातले दाणे फक्त काकूंचे. शेंगदाणे, थोडे काजू, थोडे बदाम मंद आचेवर भाजायचे, साखरेच्या पाकात घोळवायचे आणि वरून सुंठ, मिरी, वेलदोडा, चवीपुरतं मीठ आणि बोटाच्या टोकावर राहील इतकं लाल तिखट. आधी गोड लागतं, मग घशाशी हलकेच चुरचुरतं आणि हात आपोआप डब्यात जातो. पुठ्ठ्याच्या लहान डब्यांत भरून ते वीस घरी जायचे. माहेरी, नणंदांकडे, दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे, पेठेतल्या शेजाऱ्यांकडे. बाजारातून डबे आणायचं काम काकांचं, वाटायचं काकूंचं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा. शिकायला होती तेव्हाच तिचं अक्कलकोटच्या बसवराजशी जमलं. मुलगा कानडी बोलणारा, दुसऱ्या जातीचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला. काकांनी नाही म्हटलं, तिने लग्न केलं. त्या दिवशी काकांनी घरात सांगितलं, "हितनं पुढं तिचं नाव काढायचं न्हाय." आणि खरोखरच काढलं नाही. काकू मात्र दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "साऱ्या पेठेला पानी सोडतोय हा मानूस... सोताच्या लेकीला तेवढं कोरडं ठिवलंय."

तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी बदली अक्कलकोटच्या शाळेत झाली. रोज एसटीने जाणं-येणं सुरू झालं. त्या दिवाळीत काकूंनी पदराआड लपवून एक डबा माझ्या हातात दिला. "येवढं माझ्या पोरीला द्या, बाई. ह्यांना कळू देऊ नका." मी नेला. स्टँडवर सुरेखा वाट बघत उभी होती. डबा घेतला आणि तिथेच गर्दीत उघडून एक दाणा तोंडात टाकला, डोळे मिटून. संध्याकाळी काकूंना एवढंच सांगायचं असायचं, तिने तिथेच खाल्ला. त्यावर त्या वर्षभर जगायच्या. असे नऊ डबे मी नेले. आणि दर दिवाळीला त्याच काकांच्या ओट्यावर बसून मी चहाही घेत राहिले.

काकू एका माघात गेल्या, अचानक. सुरेखा आली होती. दारात उभं राहून तिने आईला पाहिलं, आत येऊन पायाला हात लावला. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती आली तशी गेली.

त्याच वर्षीच्या दिवाळीआधी काका माझ्या दारात आले. हातात डब्यांची चळत. गल्लीतल्या लोकांनी त्यांना समजावलं होतं, वर्ष झालेलं नाही, घरात गोडाधोडाचं काही करू नये. काकांचं उत्तर एकच, "सण करनार न्हाय मी. पर तिची मानसं वाट बघत असतील की." मला वाटलं, कृती विचारायला आलेत. पण ते म्हणाले, "बाई, मला एक सांगा. दरसाल एकवीस डबे मीच आनायचो. ती म्हनायची एकवीस आना, मी आनायचो. आता घरं मोजतोय तर वीसच भरत्यात. कितींदा मोजलं... एक घर कुटलं ऱ्हायलं?"

खोटं बोलता आलं असतं. फुटला-तुटला तर जास्तीचा असेल म्हणता आलं असतं. पण तो माणूस आपल्या बायकोचं एक घर शोधत माझ्या उंबऱ्यावर उभा होता. मी सांगितलं, "अक्कलकोट, काका. सुरेखाकडे जायचा. मी नेत होते."

त्यांनी चळत खाली ठेवली.

"किती वर्षं?"

"नऊ."

"आन् माझ्या घरात चहा पीत व्हता तुमी."

"हो, काका."

ते वळून निघून गेले. डबे माझ्याच दारात राहिले. पुढचे चार दिवस समोरचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी साखर करपल्याचा वास आला आणि थोड्या वेळाने काका परात घेऊन आले. परातीत दाणे होते, पण काकूंच्या दाण्यांना चकाकी असायची, यांच्यावर पांढरी भुकटी चढलेली. ओल्या वाळूत घोळवल्यासारखे. "तीनदा केलं. पयला करपला. दुसरा आन् तिसरा असा पांढरा पडला. बिघडलं, बाई." मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. काकूंनी कुणाला शिकवलंच नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. काका परातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असू द्या. बिघडलं तर बिघडलं. उद्या शाळेला जाताना मला संगं न्या."

सुट्टी लागायच्या आधीचा दिवस होता. एसटीत काकांनी डबा मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी. बसवराजचं दुकान रस्त्याला लागून, मागे घर. तो तांब्याच्या तारा गुंडाळत बसला होता. काकांना बघून धडपडत उठला आणि तोंडातून आधी कानडीच आलं, "बर्री मामा, बर्री..." मग सावरून म्हणाला, "या की. आत या." सुरेखा पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. बारा वर्षांनंतर लेकीच्या दारात उभं राहून काकांनी डबा पुढे केला.

तिने हात पुसले, डबा उघडला, दाणे बोटांनी खालीवर केले. म्हणाली, "अण्णा, हे अर्ध्यात उतरवलंय तुमी."

"बिघडलंय ते."

"बिघडलं न्हाय. साखर अशी पांढरी पडतीच. तितंच घाबरून समदे गॅस बंद करत्यात. आपण हलवत राहायचं. परत सुटती ती."

आईजवळ उभं राहून तिने लहानपणी सगळं बघून ठेवलं होतं. तिने कढई चढवली, डबा तिच्यात रिकामा केला आणि उलथनं वडिलांच्या हातात दिलं. "हलवा." काका हलवत राहिले. आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेलं मनगट ते, उलथनंही तसंच सावकाश फिरवत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळाशी एका बाजूला साखर ओली झाली, तपकिरी झाली आणि बघता बघता एकेक दाणा चकाकायला लागला. काका डोळे पुसायला लागले. "तिखट गेलं डोळ्यात," म्हणाले. तिखटाची वाटी अजून सुरेखाच्याच हातात होती. ती त्यांच्या शेजारी सरकून उभी राहिली.

मी शाळेत गेले. संध्याकाळी स्टँडवर काका भेटले ते बसवराजच्या मोटारसायकलवरून उतरताना. गाडीत खिडकीशी बसून म्हणाले, "बाई, तुमी नेत व्हता ते लई बरं केलं. मला सांगितलं न्हाय, ते बरं केलं न्हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी ते कधी विसरले असतील असं मला वाटत नाही. पण त्यांनी ती पुन्हा काढलीही नाही. आणि मी दिलेला चहा त्यानंतर कधी नाकारला नाही, एवढ्यावर मी समाधानी आहे.

पुढच्या सहा दिवाळ्या त्यांनी दाणे केले. हळूहळू इतका हात बसला की काकूंच्या माहेरची माणसं फोन करून विचारायची, डबा कधी येणार. एका वर्षी त्यांनी अक्रोड घालून बघितले आणि वैतागून म्हणाले, "आपल्या शेंगदान्याची सर न्हाय त्याला." वसुबारसेच्या आसपास सुरेखा आणि बसवराज राहायला यायचे. बसवराज डब्यांना दोरा बांधायचा आणि सासऱ्याला कानडी शिकवायचा. काका मुद्दाम चुकीचं बोलायचे, तो हसायचा. मी समोरच्या ओट्यावरून बघत असे. काकू असत्या तर... असं दर वेळी मनात यायचं, आणि दर वेळी मी ते गिळून टाकत असे.

आमची शेवटची भेट गणपतीत झाली. मी पुण्याला निघाले होते. काकांनी प्रसादाला म्हणून लहानसा घाणा केला होता. कागदात बांधून चार मुठी दिल्या आणि तक्रार केली, "औंदा दाना बारीक निघालाय, बाई. दिवाळीला कुरुल गावचा आनायला पायजे." पुडी गाडीतच संपली.

मागच्या आठवड्यात सुरेखा घर आवरायला आली होती. मी मदतीला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकांचा चष्मा होता. पाक बघताना ते कढईवर वाकायचे, काचा वाफेने धुरकट व्हायच्या आणि ते पाकाच्याच अंगठ्याने पुसायचे. उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा वाळून राहिला होता, साखरेचा, बारीक रेघांसकट. मी पदर ओला करून पुढे केला.

"राहू द्या, बाई."

"मुंग्या लागतील गं."

"लागू द्या की."

एक मुंगी आलीच होती. काडीवरून चढून काचेवर आली, ठशाशी थांबली. आम्ही दोघी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिलो. तिला कोणी हाकललं नाही.