नववं दार

आमच्या भागातलं पहिलं थीम पार्क मी उभं केलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, मग आम्हाला सवलत मिळेल का. मी स्वतः सतरा-अठरा वर्षं त्या फाटकातून आत गेलेली नाही.

पार्क वाईच्या पुढे, पाचगणीचा घाट लागायच्या आधी आहे. मालक माझा धाकटा दीर. तेव्हा थीम पार्क म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या आणि एखादा भुताचा बंगला, एवढीच लोकांची समजूत होती. दिराने पुण्यात प्लॉट पाडून विकण्याच्या धंद्यात जम बसवला होता आणि आता त्याला काहीतरी वेगळं करायचं होतं. एक दिवस सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी आला, चहा अर्धा टाकला आणि म्हणाला, "वहिनी, आपलं गाव बांधायचं."

आपलं गाव म्हणजे माझ्या सासरचं. कोयनेच्या धरणाच्या पाण्यात गेलेलं. तिथली माणसं उठून सांगलीकडच्या माळावर, वसाहतीत आली.

"गाव बांधायचं म्हणजे?"

"म्हणजे होतं तस्संच. घरं, पार, देऊळ, तुळशी. पाचगणीला जाणारी माणसं थांबून बघतील. मुंबई-पुण्याच्या पोरांनी गाव कुठं बघितलंय?"

"तुम्ही तरी कुठं बघितलंय, भाऊजी?"

तो हसला. त्याचा जन्म वसाहतीतला, माझ्या नवऱ्याचाही. नवरा तेव्हा फौजेत होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. घरात गाव पाहिलेल्या एकट्या माझ्या सासूबाई. लग्न होऊन त्या गावात आल्या आणि तीन-चार जत्रा झाल्या, तोवर गाव उठलं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. शाळांच्या इमारती, पाण्याच्या टाक्या अशा कामांवर सुपरवायझर होते. दिराला विश्वासातलं माणूस हवं होतं आणि मला टाक्यांचा कंटाळा आला होता. मी हो म्हटलं.

पहिली अडचण नकाशाची. जुन्या नकाशात गावठाणाची नुसती हद्द होती, आत घरं नव्हती. मी वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेच्या खोलीत बोलावलं आणि कागद पसरला. तासाभरात भांडणं लागली. एक म्हणे देवळाच्या उजव्या अंगाला आमचं घर. दुसरा म्हणे उजव्या अंगाला आमचं, तुमचं मागं, उकिरड्याजवळ. म्हाताऱ्या बायकांनी तर एकमेकींच्या माहेरापर्यंत हिशेब नेला. शेवटी देवळाचा म्हातारा गुरव उठला.

"बाई, घरं इचारू नका. ज्येला त्येला आपलं घर देवळाम्होरंच दिसतं. पालखी इचारा."

जत्रेला गावदेवीची पालखी दारोदार जायची. कुठल्या दारानंतर कुठलं, हे ठरलेलं. दाराशी आली की घरच्या सुनेने पालखीच्या भोयांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग पालखी पुढे. एकूण एक्केचाळीस दारं. गुरवाने पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली आणि खोली शांत झाली. उकिरड्यावरून भांडणारे दोघंही मान हलवत होते. एका दाराबद्दलही दुमत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर आम्ही ती वाट चुन्याच्या फक्कीने आखली. गुरव पुढे, मी टेप घेऊन मागे. "हितं येस्तवर एक आरती सरायची," असं तो म्हणाला की मी त्याला चालत चालत अख्खी आरती म्हणायला लावायची आणि तो थांबेल तिथे दगड ठेवायची. माझ्या टेपचा उपयोग त्यानंतर. गावातल्या वाटेत एक चढ होता, तिथे सगळ्यांची चाल आपोआप मंदावली. मैदान सपाट होतं. मी वहीत "चढ" असं लिहून घेतलं.

सासूबाई एका दगडाशी उभ्या राहिल्या आणि हलल्याच नाहीत. "आमचं नववं," म्हणाल्या. "आठव्या दारी नगारा झडला की मी तांब्या भरती. लय आधी भरला तर सासू बोलायची, पाणी शिळं हुतंय म्हणून."

त्या मैदानावरून पार्कचा नकाशा निघाला. म्हाताऱ्या माणसांनी त्या बदल्यात एकच मागितलं. वसाहतीत घरं सरळ ओळींत, पालखी नुसती नंबरावारी फिरते, देवीला तिची वाट मिळत नाही. पार्क झाल्यावर वर्षातला एक दिवस, जत्रेचा, पालखी तिथे आणायची आणि जुन्या क्रमाने दारोदार न्यायची. त्या दिवशी बाहेरचं कुणी आत नको.

दीर लगेच तयार झाला. वसाहतीच्या देवळात सगळ्यांसमोर त्याने बेलभंडारा उचलला. मी सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे सही घेणारी बाई, पण त्या दिवशी कागद काढला नाही. भंडारा उचलल्यावर कागद मागणं म्हणजे देवीवर अविश्वास दाखवणं. शहाणी माणसं होती ती सगळी. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची मोळी न् मोळी डोळ्यांनी तोलणारी. कुणालाच कागद सुचला नाही. मला सुचला होता.

भंडारा उचलल्यावर त्यांनी चौकटी दिल्या. गाव सोडताना लोकांनी घरांची लाकडी दारं चौकटींसकट उपसून आणली होती आणि वसाहतीतल्या विटांच्या घरांना बसवली होती. आता ती पार्कसाठी निघाली. आमच्या चौकटीच्या कपाळपट्टीवर सूर्य आणि दोन्ही अंगांना वेल कोरलेली होती, गावात तसं काम दुसरं नव्हतं. ती काढून मी लोखंडी चौकट आणि पत्र्याचं दार बसवलं. सासूबाई आठ दिवस त्या दाराला ढकलायच्या की ओढायच्या, याच गोंधळात होत्या.

बांधकामाला दोन वर्षं गेली. त्या पट्ट्यात पाऊस एवढा की मातीच्या भिंती एका आषाढात वाहून गेल्या असत्या. मी विटांच्या भिंती घेतल्या आणि वरून सिमेंटात रंग आणि भाताचं तूस मिसळून गिलावा केला. चार हातांवरून माती वाटायची. कौलं जुनी, खाली लोखंडी अँगल. माणसं तारेच्या सांगाड्यावर सिमेंटची, सांगलीच्या एका गणपती करणाऱ्या कारागिराने केली. त्याच्या हातच्या सगळ्या बायकांना गौरीचा चेहरा यायचा. एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं होतं, "बाई, चौकटी पाचरीवर बसवा, कवाबी उचलता याय पायजेत." मी म्हटलं, माणसांची गर्दी होणार, दार हललं तर कुणाच्या डोक्यात पडेल. प्रत्येक चौकट मी लोखंडी पकडी मारून काँक्रीटमध्ये गाडली.

पहिली दोन वर्षं सगळं ठरल्यासारखं झालं. पालखी टेम्पोतून यायची, पार्क बंद असायचं. पहिल्या वर्षी नवव्या दारी सासूबाईंनी पाणी घातलं तेव्हा चाळीसेक वर्षांचा खंड पडला होता. त्या रडल्याबिडल्या नाहीत. "भोयांचे पाय केवढे मळलेत," एवढंच बोलल्या.

तिसऱ्या वर्षी जत्रा ऐन सुट्टीच्या गर्दीत आली. दिराने फोन केला. "वहिनी, त्या दिवशी बंद ठेवणं जमायचं नाही. संध्याकाळी या, कार्यक्रमासारखं करू. लोकांनाही बघायला मिळेल."

"लोकांना दाखवायचं ठरलं नव्हतं."

"या तर खरं. बघू इथं."

आम्ही गेलो. टेम्पो फाटकाशी थांबला. आत शिरायच्या तोंडालाच, आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी, आमचं दार उभं होतं. सूर्य, वेल, सगळं. मागे घर नव्हतं, नुसती भिंत. दोन पोरी उंबऱ्यात उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. मागच्या पावसाळ्यात त्याने माझं काँक्रीट फोडून चौकट काढली होती. मला कळवलं नव्हतं. काम दुसऱ्याला दिलं होतं.

सासूबाईंनी चौकटीवर हात ठेवला. "ह्ये हितं कसं आलं?"

"आई, तुझं दार सगळ्यांच्या पुढं घेतलंय," दीर म्हणाला. "पहिला मान तुझा."

"माजा नववा हाय."

"कोण मोजतंय आता?"

"देवी मोजती."

तो माझ्याकडे बघून हसला, म्हाताऱ्या माणसांपुढे आपण दोघं शिकलेली माणसं हसतो तसं. मी म्हटलं, "भाऊजी, भंडारा उचलला होतात."

"पालखी येऊ देण्याचा उचलला होता, वहिनी. येऊ देतोय की. माइकवाला सकाळपासून ताटकळलाय."

गुरव खाली उतरला नाही. "काय करायचं?" त्याने सासूबाईंना विचारलं.

"फिरवा गाडी."

"अगं आई, एवढ्या लांबून आलीस—"

"तुज्याकडं आली न्हवती," सासूबाई म्हणाल्या आणि टेम्पोत चढल्या.

त्यानंतर त्यांनी धाकट्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. दिवाळीची साडी परत पाठवायच्या. मी दिराशी बोलणं बंद केलं. चौकट परत मागितली तर म्हणाला, दान दिलेलं परत मागतात का. नवरा निवृत्त होऊन आला, त्याने मधला मार्ग काढला: भाऊ आहे माझा, म्हणून तो तिकडे जायचा आणि आल्यावर मला काही सांगायचा नाही. मुलीच्या लग्नात मी दिराला पत्रिका दिली नाही. नातेवाइकांनी मला कजाग ठरवलं. मी कुणाचं मत बदलायला गेले नाही. ज्या बाईचं दार होतं ती माझ्या बाजूला होती, तेवढं मला पुरे होतं.

गुरव गेला. सुतार गेला. मैदानावर चाललेल्यांपैकी एकेक करत सगळे गेले.

यंदा चैत्राच्या आधी वसाहतीतली चार तरुण मंडळी घरी आली. पालखी आता जुन्या क्रमानेच काढायची असं मंडळाने ठरवलं होतं. ज्याचं मूळ घर ज्या नंबरचं, त्याच्या आजच्या दारी त्या नंबराला. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उलटसुलट जावं लागलं तरी चालेल. मला बरं वाटलं. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. पार्कच्या फाटकावर एक फलक आहे, "पालखीची जुनी वाट", त्याचा फोटो. एक नंबर: आमचं घर.

"हे चूक आहे," मी म्हटलं. "आमचं नववं. पहिल्या आठांना एकेक नंबर मागे ढकललाय."

"मावशी, तुम्ही गाव बघितलंय?" एकाने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारलं.

"नाही. पण ही वाट मी आखली."

"मग फलकावर असं कसं?"

माझी त्या वेळची वही पार्कच्या ऑफिसात राहिली होती. मी म्हटलं, "घरातच आहेत की. त्यांना विचारा." सासूबाई आता आमच्याकडेच असतात; पंच्याऐंशीच्या आसपास आहेत, पण कान आणि डोकं दोन्ही शाबूत. सकाळीच त्यांनी दूधवाल्याला चुकीच्या वारावरून धरलं होतं.

"आजी, पालखी पयली कुणाच्या दारी यायची?"

सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्या."

"नववं ना, आत्याबाई?" मी सासूबाईंना म्हटलं.

"नववं? तुला कुणी सांगितलं?"

पोरं खूश होऊन पाया पडून गेली. मी दार लावलं आणि सासूबाईंसमोर बसले. "आठवं घर कुणाचं?"

त्यांनी एका दमात सांगितलं. घर कुणाचं, सून कुठल्या गावची, तिथे नगारा झडला की तांब्या कसा भरायचा.

"मग?"

"मग काय. समदी मेली. कुणाचं काय जातंय?" त्यांनी पदर सारखा केला. "म्हातारपणी पयला मान चालत आलाय, त्यो सोडू व्हय?"

"तो त्यानं दिलाय. धाकट्यानं."

"पोटचा हाय त्यो माज्या," त्या म्हणाल्या. "तू कशाला एवढी धरून बसलीस?"

मी बशी उचलून आत नेली.

जत्रेला मी त्यांना गाडीने वसाहतीत घेऊन गेले. तिथलं घर आम्ही ठेवलंय. पालखी देवळातून निघाली ती थेट आमच्या पत्र्याच्या दाराशी आली. खांद्यावर दांडा घेतलेल्यांत दीर होता, अनवाणी. सासूबाईंनी सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. त्याच्या पायांवर जरा जास्तच. मग रिकामा तांब्या न बघताच मागे केला आणि मी तो घेतला.

पालखी दुसऱ्या दाराकडे निघाली. तिथली सून नवीन, लग्नाला वर्षही झालं नसेल. खरं तर पहिलं दार तिच्या घरचं. ती आधी धावत आमच्याकडे आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "मावशी, पाणी उजव्या पायावर आधी का डाव्या?"

"उजव्या," मी म्हटलं. एवढंच सांगितलं.