साडेबाराची शाळा

हरिणखेडे गुरुजींच्या शाळेत उशिरा येणाऱ्याला छडी नव्हती, उठाबशा नव्हत्या, वर्गाबाहेर उभं राहणंही नव्हतं. फाटकाजवळ एका स्टुलावर जाड पुठ्ठ्याची वही ठेवलेली असायची आणि तिला सुतळीने बांधलेलं पेन. उशिरा आलेल्याने त्या वहीत आपलं कारण लिहायचं. एकच वाक्य, पण पूर्ण. गुरुजी ते वाचत, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत आणि म्हणत, "जा वर्गात."

मी मूळची मुर्रीची, म्हणजे गोंदियाच्या वेशीवरची. नोकरी लागली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात, पहिली ते आठवीच्या शाळेत. तालुक्याच्या गावी खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी एसटीने वीस मिनिटं उशिरा पोचले. फाटकाशी उंच, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले गृहस्थ उभे होते. हेच मुख्याध्यापक हरिणखेडे गुरुजी. मी नाव सांगितलं. त्यांनी नमस्कार केला आणि वही पुढे सरकवली.

"मॅडम, तुम्ही बी लिवा."

मला राग आला, पण लिहिलं : 'एसटी उशिरा आली.' त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

"हे एसटीचं कारण झालं. तुमचं लिवा."

मी पुन्हा पेन उचललं. मग खाली लिहिलं : 'मी आधीच्या एसटीने निघाले नाही.' गुरुजींचा चेहरा एकदम उजळला. "आता बरोबर. या, चहा घ्या."

ती वही मी पुढे कितीदा तरी चाळली. 'बकरीने दप्तराचा पट्टा खाल्ला.' 'आजी हरवली होती, सापडली.' 'कालव्यात मासे दिसले म्हणून थांबलो.' या शेवटच्यापुढे गुरुजींनी लाल शाईने विचारलं होतं : 'किती?' कोणाला खोटं लिहायची गरजच पडत नसे, कारण खऱ्याला शिक्षा नव्हती. "खोटं बोलाले पोट्टे आपल्यापासूनच शिकतात," असं ते म्हणत. "आपण खऱ्याले मारतो, मंग ते काऊन खरं सांगतील?"

माझ्या पहिल्याच वर्षी क्रिकेटचा एक मोठा अंतिम सामना रविवारी रात्री उशिरापर्यंत चालला. मुलं शनिवारी विचारायला आली होती, सोमवारी शाळा उशिरा भरवता का म्हणून. गुरुजींनी सरळ नाही म्हटलं. "मॅच रोजच असते. शाळा साडेदहाची." सोमवारी सगळी मुलं साडेदहाला हजर झाली आणि अकरा वाजता सगळी झोपली. पाचवीच्या वर्गात मी भूगोल शिकवत होते. पाठ फिरवून फळ्यावर नद्या काढल्या आणि वळून पाहिलं, तर बावीस डोकी बाकांवर टेकलेली. मी ओरडणार, तेवढ्यात दारातून गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला मॅडम. झोपू द्या."

दुपारी ऑफिसात त्यांनी हजेरीपट मिटून ठेवला. मग म्हणाले, "बांधीत पाणी नसताना रोवणी केली मी आज. परे बी गेले, मेहनत बी गेली." परे म्हणजे भाताची रोपं; ती लावायला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी लागतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरुजी स्वतः धानाच्या शेतीतले. त्यांची सगळी गणितं तिथूनच यायची.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतरची शाळा सुरू झाली आणि पुन्हा एक अंतिम सामना आला. या वेळी भारताच्या मुलींचा. शनिवारी आठवीतली सोनाली उके पाचसहा मैत्रिणींना घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"सर, सोमवारी शाळा उशिरा भरवा ना जी."

"तोंडी नको. अर्ज लिहून आण."

अर्ज आला. गुरुजींनी तो तीनदा परत पाठवला. एकदा 'विनंती'साठी, एकदा 'मुख्याध्यापक'साठी, आणि तिसऱ्यांदा दिनांक नव्हता म्हणून. चौथ्यांदा ते एका वाक्यावर थांबले.

"'आमचा सामना आहे' असं लिवलं तू. तुमचा कसा? तुम्ही खेळून राहिल्या का?"

सोनाली गडबडली. मागे वळून मैत्रिणींकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "नाही सर. पण पोरी खेळून राहिल्या ना."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि सही केली. सोमवारी शाळा साडेदहाऐवजी साडेबाराला. बुडालेले दोन तास पुढचे चार दिवस रोज अर्धा तास जास्त बसून भरून काढायचे.

आमचे कटरे सर गोंदिया शहरातले, व्यवहारी माणूस. सूचना-वही त्यांच्यापुढे आली तसे ते दचकले. "गुरुजी, मॅच क्यों लिख रहे हो? टाकी की सफाई लिख दो. कोई पूछेगा भी नहीं."

"टाकी साफ करून राहिलो का आपण?"

"नहीं, पर..."

"मंग मॅच लिवा."

त्यांनी स्वतःच लिहिलं, टपोऱ्या अक्षरात : 'रविवारी रात्री क्रिकेटचा अंतिम सामना उशिरापर्यंत चालणार असल्याने सोमवारी शाळा दुपारी साडेबारा वाजता भरेल.' खाली सही आणि शिक्का. कटरे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ये आदमी रिटायर होने से पहले मरवाएगा."

सोमवारी एसटीच्या वेळेमुळे मी साडेअकरालाच पोचले. वाटलं, शाळेला कुलूप असेल. पण फाटक उघडं होतं. व्हरांड्यात गुरुजी मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर दुसरीतली कुंती मडावी. गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, दोन किलोमीटर चालत येणारी, वर्गात कधी चकार शब्द न बोलणारी मुलगी. शनिवारी ती आली नव्हती, म्हणून तिला निरोपच मिळाला नव्हता.

"गुरुजी, तुम्ही कधी आलात?"

"दहा वाजता. निरोप सगळ्यांले भेटते असं थोडी असते. कोणी आलं तर कुलूप पाहून वापस जाईल."

मग त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आपल्या पोरी जिंकल्या का?" ते रात्री नऊला झोपणारे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"जिंकल्या!"

"बरं झालं." ते हसले. "हारल्या असत्या तरी साडेबाराच होते म्हणा."

कुंतीला या गप्पांत रस नव्हता. तिच्या हातात खडू होता आणि तिचा विद्यार्थी तिच्याकडे लक्ष देत नव्हता. तिने फरशीवर खडू आपटला आणि म्हणाली, "येर!" गुरुजींनी निमूटपणे म्हटलं, "येर." म्हणजे गोंडीत पाणी. मग घराला 'रोन'. ते गुरुजींना नीट जमेना. कुंतीने तीनदा म्हणायला लावलं. वर्षभरात मी त्या मुलीचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

नेमकी त्याच वेळी फाटकात जीप थांबली. शिक्षण विस्तार अधिकारी उतरले. नवीनच रुजू झालेले, तरुण, इस्त्रीचे कपडे. त्यांनी रिकामं मैदान पाहिलं, बंद वर्ग पाहिले, आणि व्हरांड्यापाशी येऊन उभे राहिले.

"सर, शाळा कुठे आहे?"

गुरुजी उठले, नमस्कार केला आणि कुंतीकडे बोट दाखवलं. "ही बसली ना साहेब. बाकीची साडेबाराले येतील."

साहेबांनी सूचना-वही मागितली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"हे तुम्ही लिहून ठेवलंत? सही-शिक्क्यानिशी? अहो, निदान दुसरं काही कारण तरी लिहायचं!"

"दुसरं कारण नव्हतं साहेब."

साहेबांनी वही मिटली. शेवटी ते खुर्ची ओढून बसले. "ठीक आहे. साडेबारापर्यंत थांबतो. बघू किती येतात." त्यांच्या स्वरावरून कळत होतं, की कुणी येणार नाही अशी त्यांची खात्री होती. खरं सांगायचं तर माझीही होती. एकदा सकाळ मोकळी मिळाल्यावर, त्यात सामना जिंकलेला, कोण पोरगं दुपारी शाळेत येतं? वेळ जावा म्हणून साहेबांनी फाटकाजवळची वही चाळायला घेतली. थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यांची हालचाल दिसली. ते हसू दाबत होते. बहुतेक आजी सापडली असावी.

सव्वाबारा झाले. कालव्याच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. कटरे सर आले, जीप पाहिली आणि चेहरा पाडून माझ्याशेजारी उभे राहिले. गुरुजी मात्र कुंतीला फळा पुसायला लावत होते.

बारा वीसला आधी आवाज आला. मग कालव्याच्या पाळीवरून धुळीचा लोट, आणि त्यातून पोरं. पळत, ओरडत, कोणी हातात काल्पनिक बॅट फिरवत. पुढे सोनाली आणि तिची टोळी. साडेबाराची घंटा वाजली तेव्हा मैदान भरलं होतं.

साहेबांनी स्वतः वर्गावर्गात जाऊन डोकी मोजली. सातवीच्या वर्गात ते थांबले. हजेरीपट पुन्हा पाहिला.

"या चार मुली दिवाळीपासून गैरहजर आहेत. आज कशा आल्या?"

शेवटच्या बाकावर दुर्गा कापगते उभी राहिली. केसांत धानाची काडी अडकलेली, हातांवर पात्यांचे ओरखडे. धान कापणीचे दिवस होते. दर वर्षी या दिवसांत मोठ्या मुली शाळेतून नाहीशा व्हायच्या आणि आम्ही हजेरीपटावर फुल्या मारत बसायचो.

"सकाळी मायसंग वावरात जातो सर," दुर्गा म्हणाली. "भारे उचलेपर्यंत अकरा वाजते, पोचेपर्यंत बारा. मंग शाळेत कायले यायचं, अर्धी तर होऊन जाते. आज साडेबाराची आहे असं सोनालीनं सांगतलं, म्हनून आलो."

मी गुरुजींकडे पाहिलं. छत्तीस वर्षं नोकरी झालेला तो माणूस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे विस्फारले होते, एखाद्या मुलाला भागाकार पहिल्यांदा कळावा तसे.

"साहेब," ते अगदी हळू म्हणाले, "मी एवढे वर्षं पोरींले दोष देऊन राहिलो होतो. माय-बापाले दोष देऊन राहिलो होतो. घड्याळाकडे पाहिलंच नाही."

जाताना साहेब म्हणाले, "नोटीस तर द्यावीच लागेल सर."

"द्या ना साहेब. काम आहे तुमचं."

नोटीस आली : पूर्वपरवानगीशिवाय शाळेची वेळ का बदलली, कारणे दाखवा. कटरे सरांनी दोन पानी खुलासा तयार करून आणला. गुरुजींनी तो वाचला, भाषेचं कौतुक केलं आणि बाजूला ठेवला. स्वतः तीन ओळी लिहिल्या : चूक झाली, परवानगी घ्यायला हवी होती. कारण सूचना-वहीत आहे. बुडालेले दोन तास भरून काढले आहेत. आणि त्याच टपालाने दुसरा अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह : धान कापणीच्या पंधरवड्यात शाळा बारा वाजता भरवावी, राहिलेले तास शनिवारी दुपारी पूर्ण केले जातील.

आठवड्याने दोन लखोटे एकाच दिवशी आले. एकात सक्त ताकीद, दुसऱ्यात परवानगी. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. गुरुजींनी दोन्ही पत्रं वाचून दाखवली आणि एकाच फाइलमध्ये लावली. "पाहा कटरे सर, आपल्याले शिव्या बी भेटल्या अन् पोरी बी भेटल्या." त्या वर्षी दुर्गा सातवी पास झाली. आज ती गोंदियाला नर्सिंग शिकते.

दोन वर्षांनी गुरुजी निवृत्त झाले आणि आपल्या गावी शेती करायला गेले. शाळेचा कारभार माझ्याकडे आला. कापणीच्या दिवसांत आमची शाळा अजूनही बारालाच भरते.

मागच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. बाह्या तशाच कोपरापर्यंत दुमडून ते बांधावर उभे होते. मला पाहून आनंदले, घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला. बाजेवर टेकत पहिला प्रश्न :

"हजेरी कशी आहे?"

"छान आहे गुरुजी. सगळी येतात."

"सगळी?"

मी अडखळले. "सहावीतली निशा सोडून. आठ दिवस झाले, आली नाही."

"घर कुठं तिचं?"

"इकडे येताना वाटेतच लागतं. कालव्याजवळ."

गुरुजी उठून उभे राहिले. "मंग मॅडम, इथं काऊन बसून राहिल्या तुम्ही?" आणि घराकडे तोंड करून ओरडले, "चहा नको ठेवू वो! मॅडम निशाच्या घरी घेतात."

मी हसत होते, पण ते हसत नव्हते. बांधापर्यंत मला सोडायला आले. "पुढच्या वेळी या. तवा जेवूनच जा."

निशाच्या आईने मला पाहून आधी हातातला विळा लपवला, मग लाजून हसली आणि चुलीवर चहा ठेवला. धाकटा भाऊ तापाने पडला होता; सकाळी आई वावरात गेली की त्याच्यापाशी बसायला निशाच होती. मी त्याच्या कपाळाला हात लावला. तापाचा भर ओसरला होता. अर्ध्या तासाने निशा डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन अंगणात आली आणि मला पाहून जागीच थबकली. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "उद्या येतो मॅडम."

आई म्हणाली, "जाऊ दे तिले. याच्यापाशी मी थांबतो. धान काही पळून नाही जात."

चहा फार गोड होता. मी दोन कप प्याले.