अर्जदार मी, सामनेवाला नवरा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि माझं काम उभ्यानं असतं की बसून, ते गुजरातीत विचारलं, "बेन, तमारे काम ऊभा रहीने करवानुं के बेसीने?"

"शाळेत पीटी शिकवते," मी म्हटलं. "खो-खोच्या मुली माझ्याकडे आहेत."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं, टिबियल प्लॅटू फ्रॅक्चर. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. त्याचं वरचं टोक सपाट असतं, ओट्यासारखं, आणि त्या ओट्यावर मांडीचं हाड टेकतं. माझ्या डाव्या पायाचा तो ओटा एका बाजूनं खचला होता. खो-खोत मांडी घालून बसावं लागतं, झटकन उठावं लागतं. हाड जोडता येईल, डॉक्टर म्हणाले, पण तसं बसणं पुन्हा जमेलच असं नाही.

माझ्या शेजारी माझे यजमान श्रीकांत उभे होते. त्यांच्या कोपरावर एक चिकटपट्टी होती. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता.

स्कूटरवर कुणाच्या तरी मागे बसून जे पडले आहेत, आणि चालवणारा ज्यांच्याच घरातला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हा भरपाई कशी मिळवली याची विजयगाथा वाचायला कुणी आलं असेल तर त्यांनी दुसरीकडे पाहावं.

झालं ते असं. निवृत्त झाल्यावर श्रीकांतनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. आवाज नाही, धूर नाही, आणि समोर एक पडदा, त्यावर बॅटरी किती उरली त्याचा आकडा. जुन्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं बंदच होता, आम्ही अंदाजानं गाडी हाकायचो. आता मात्र त्यांचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं त्या आकड्यावर. त्या संध्याकाळी पाणीगेटला शिवायला टाकलेले माझ्या संघाचे टी-शर्ट घेऊन आम्ही हरणीला घरी परतत होतो. बॅटरी उतरत आली होती. दुभाजकाला लागून एक गाय बसली होती. बडोद्यात ती तिथे बसायचीच, त्यात नवल काही नाही. श्रीकांतनी मान वर केली तेव्हा ती अगदी पुढ्यात होती. गाय जागची हलली नाही. आम्ही डावीकडे कोसळलो आणि सगळी स्कूटर माझ्या गुडघ्यावर आली.

कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघाताचे रुग्ण आधी नेतात त्या खोलीत, एका तरुण डॉक्टरनं विचारलं की कसं लागलं. श्रीकांतनी उत्तर दिलं, "गाय आडी आवी गई." गाय आडवी आली. डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं. मी ते ऐकलं. पण तेव्हा मला माझ्या पायाशिवाय जगात दुसरं काही नव्हतं.

पाय इतका सुजला होता की लगेच ऑपरेशन करता येईना. बाहेरून सळ्या लावून तो ताणून ठेवला. कंपार्टमेंट सिंड्रोमची भीती होती. म्हणजे सूज आतल्या आत इतकी दाबते की स्नायूंचं रक्त थांबतं, वेळेत कळलं नाही तर पाय जातो. म्हणून सिस्टर सारख्या येऊन बोटं हलवायला लावायच्या. मी आयुष्यभर मुलींना 'अजून एकदा' म्हणत आले, आता माझ्या अंगठ्यासमोर कुणीतरी तेच म्हणत होतं. एकदा बोटं हलेनात तेव्हा त्या सिस्टर धावत डॉक्टरांना घेऊन आल्या. माझा पाय वाचला यात त्यांचा मोठा वाटा आहे. जाताना त्यांचे नीट आभारही मानता आले नाहीत, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

मग ऑपरेशन झालं. हाडावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. त्यानंतर सीपीएम नावाचं यंत्र आलं. पाय त्यात ठेवला की ते आपणहून गुडघा वाकवतं आणि सरळ करतं, आपण फक्त दात आवळून पडायचं. घरी आल्यावर कित्येक आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नव्हतं.

श्रीकांतनी माझं सगळं केलं. हे लिहायलाच हवं. भांडं दिलं, उचललं, अंग पुसलं, भात करपवला, मग न करपवता करायला शिकले. माझ्या आईनंही केलं नसतं इतक्या मायेनं केलं. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गायीची गोष्ट सांगितली. पहिल्या पाहुण्यांच्या वेळी गाय नुसती आडवी आली होती. दिवाळीपर्यंत ती शिंगं रोखून धावत यायला लागली. मी पलंगावर पडून ऐकायची. माझ्या तोंडावर यायचं, पण माणूस हातात चहाचा ट्रे घेऊन उभा असताना त्याला खोटं पाडायचं कसं?

शाळेतून फोन आला की तात्पुरती दुसरी बाई घेतली आहे. तो शब्द 'तात्पुरती' हळूहळू बोलण्यातून गळाला. मेडिक्लेम पहिल्या ऑपरेशनमध्येच संपला. मग तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की पोस्ट-ट्रॉमॅटिक आर्थ्रायटिस सुरू झाला आहे. म्हणजे मार लागलेल्या सांध्याची कूर्चा झिजून हाडावर हाड घासतं. "आगळ जतां नी रिप्लेसमेंट," ते म्हणाले. आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल. त्या दिवशी मी रिक्षात पहिल्यांदा रडले. गुडघा बदलायचा कशाच्या जोरावर, आणि न बदलता कमवायचं कसं, दोन्हीकडून अडकले होते.

नागरवाड्यात राहणाऱ्या माझ्या नणंदेनं हेतलबेन वकिलांचं नाव सुचवलं. त्यांनी स्कूटरची पॉलिसी चाळली आणि म्हणाल्या की मागे बसणाऱ्याचा विमा यात आहे, मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येईल. माझा चेहरा उजळला असावा, कारण त्यांनी लगेच हात वर केला.

"पण जुओ बेन, तमारा पतिनी भूल बताववी पडशे."

म्हणजे नवऱ्याची चूक दाखवावी लागेल. चालवणाऱ्याची चूक असेल तरच कंपनी पैसे देते. गाय अचानक आडवी आली असेल तर चूक कुणाचीच नाही, मग भरपाईही नाही. म्हणजे मी पोलिसांत तक्रार द्यायची की माझ्या नवऱ्यानं निष्काळजीपणे गाडी चालवली. कागदावर अर्जदार मी, सामनेवाले नंबर एक श्रीकांत, नंबर दोन विमा कंपनी.

माझ्याबरोबर आलेले श्रीकांत खुर्चीतून उठलेच. "गाय आडवी आली यात माझी काय चूक?"

त्यांचा राग समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे आजोबा संस्थानात मुन्सफ होते, म्हणजे न्यायाधीश. आमच्या घरात अजून त्यांचा पगडीवाला फोटो आहे. शिवाय श्रीकांतना आजवर एकदाही चलान झालेलं नाही, आणि हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

"आमच्या घराण्यातला माणूस कोर्टात खुर्चीवर बसला," ते घरी येऊन म्हणाले, "खाली उभा नाही राहिला."

"मग गायीवर केस करू का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. तेव्हा मी इतके महिने गिळलेलं बोलले. "अहो, गाय आडवी नाही आली. गाय बसली होती."

"तू मागे होतीस विद्या. तुला काय दिसणार?"

"मी खो-खोची पंच आहे. कुणाचा पाय रेषेवर पडला ते मला पाठीमागून दिसतं."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. औषध घेतलं का, घेतलं. सगळी सेवा तशीच चालू होती, फक्त मुक्यानं. तो काळ मला ऑपरेशनपेक्षा जड गेला, खरंच सांगते. दुखण्यावर गोळी तरी होती.

एका सकाळी श्रीकांत म्हणाले, "तुला लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही. पण मी काही बोलणार नाही."

तक्रार घ्यायला हवालदार घरी आले, कारण ठाण्याच्या पायऱ्या मला चढता येत नव्हत्या. मी पलंगावरून सांगत होते, "माझ्या नवऱ्याचं लक्ष समोर नव्हतं," आणि आतून श्रीकांतनी विचारलं, "चा मां खांड केटली?" हवालदारांनी साखर सांगितली, चहा घेतला आणि आरोपीचं नाव लिहिलं. कप परत देताना बिचारे संकोचले. दुपारी श्रीकांत ठाण्यात जाऊन जामीन करून आले आणि मला व्यायाम करायला बसवलं.

पुढे तारखा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात जाऊन अपंगत्वाचा दाखला घेतला. पर्मनंट पार्शियल डिसॅबिलिटी, म्हणजे कायमचं पण अंशतः अपंगत्व. ज्या बाईनं शाळेच्या मैदानावर आयुष्य काढलं तिला हा शब्द आपल्या नावापुढे वाचताना काय वाटतं ते लिहीत नाही. न्यायाधिकरणाची नोटीस आमच्याच पत्त्यावर आली. सामनेवाल्यानं सही करून घेतली आणि अर्जदाराच्या उशाशी आणून ठेवली.

विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. हॉस्पिटलच्या कागदावर 'गाय आडवी आली' असं आहे, तक्रार कित्येक महिने उशिरा दिली आहे, नवरा-बायकोनं संगनमतानं ही गोष्ट रचली आहे. एका अर्थी त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

माझ्या उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी विचारलं, "तमे बंने एक ज घरमां रहो छो?"

"हा."

"साथे जमो छो? आजे साथे आव्यां?" म्हणजे एकत्र जेवता का, एकत्र आलात का.

"हा. एक ज रिक्षामां."

"तो पछी झगडो शेनो?" मग भांडण कशाचं?

"झगडो तो छे ज, साहेब," मी म्हटलं. "रिक्षा मोंघी छे."

भांडण आहेच, पण रिक्षा महाग आहे, हे ऐकून मागे कुणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं. मग कंपनीच्या वकिलांनी आणखी एक अर्ज दिला. त्यांना श्रीकांतची साक्ष घ्यायची होती. गाय आडवी आली हे हॉस्पिटलमध्ये सांगणारा माणूस तोच, तर त्यानंच ते शपथेवर सांगावं.

हेतलबेननी बाहेर येऊन मला विचारलं, ते काय बोलतील? मला माहीत नव्हतं. पुढच्या तारखेपर्यंत मी श्रीकांतना विचारलं नाही. विचारलं असतं तर तेच संगनमत झालं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते 'आडवी आली' म्हणाले असते तर त्या माणसाच्या हातचा चहा पुढे प्यायचा कसा, याची मला भीती वाटत होती.

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शपथ घेतली. वकिलांनी हॉस्पिटलचा कागद पुढे केला आणि विचारलं, "गाय आडी आवी हती, बराबर?"

श्रीकांतनी कागद वाचला. "ना," ते म्हणाले. "बेठी हती. हुं बॅटरी जोतो हतो."

गाय बसली होती आणि ते बॅटरी पाहत होते, हे ऐकून वकील गोंधळले. मग आवाज चढवून विचारलं की मग हॉस्पिटलमध्ये वेगळं का सांगितलं.

"ए बाजुमां ज स्ट्रेचर पर हती," श्रीकांत म्हणाले. "एनी सामे मारी भूल मोढामांथी नीकळी नहीं."

मी शेजारीच स्ट्रेचरवर होते, म्हणून माझ्यासमोर स्वतःची चूक त्यांच्या तोंडून निघाली नाही. इतके महिने मला वाटत होतं की त्यांनी आपली इभ्रत सांभाळली, चलानाचा विक्रम सांभाळला. माझ्या पायाकडे पाहून त्यांची जीभ टाळ्याला चिकटली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"एटले हवे पैसा मळे माटे बोलो छो ने?" वकिलांनी विचारलं.

"ना मळे तोय गाय तो बेठी ज हती, साहेब."

पैसे नाही मिळाले तरी गाय बसलेलीच होती, हे ऐकून माझे डोळे वाहायला लागले. हेतलबेननी वाकून विचारलं, "पग दुखे छे?" मी मान हलवली. पाय दुखतही होता.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतील तेव्हा जसं झालं तसं सांगा, चूक घरच्याची असली तरी. एक खोटं वाक्य पुसायला आम्हाला फार फिरावं लागलं, आणि ते पुसलं गेलं की नाही हे निकालच सांगेल. गुडघा अजून दुखतो. काठी आहे. शाळा गेली ती गेली.

साक्ष झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. माणसं जात-येत होती. श्रीकांत मराठीत म्हणाले, "तू ओरडली होतीस. अहो, गाय, म्हणून."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, वकिलांनाही नाही. मी खरंच ओरडले होते की मनातल्या मनात, याचीच मला खात्री नव्हती.

"मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, आधी आकडा बघतो."

 बाकावरून मला एकटीला उठता येत नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे हात केला.