मंदारचा पास

बार्शीहून निघताना आईने मला गाडीच्या मागे ओढून नेलं. मंदार, माझा धाकटा भाऊ, आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. "त्याच्यावर नजर ठेव," आई म्हणाली, "पण त्याला कळू देऊ नकोस."

पुण्यात इंजिनिअरिंग करताना तो आधी गांजाला लागला, मग गोळ्यांना. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून वर्ष होत आलं होतं, तरी तो किराणा दुकानात गेला की तिथल्या लोकांचं बोलणं थांबायचं. म्हणून मी त्याला दुबईला, आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या फ्लॅटवर घेऊन आले.

आईचं मी जरा जास्तच ऐकलं. तो अंघोळीला गेला की त्याचे खिसे चाचपायचे. फोनवर दार लावून बोलला की भिंतीपलीकडे उभी राहायचे. इथे एवढीशी पुडी सापडली तरी आयुष्य खलास, हे मी स्वतःला बजावत असे. एकदा माझी मुलगी म्हणालीसुद्धा, "मम्मा, व्हाय आर यू स्मेलिंग मामाज शर्ट?" धुवायला टाकायचाय का बघतेय, म्हटलं.

काही वर्षं अशीच गेली. मग त्याला अबुधाबीच्या पार पश्चिमेला, रुवैसच्या एका तेल प्लांटवर नोकरी मिळाली. आत जायला सिक्युरिटी पास लागतो, त्यासाठी मागचं सगळं तपासतात. जुनं व्यसन असेल तर पास मिळतो की नाही, हे नक्की कुणीच सांगेना. माझ्या ऑफिसमधला एकजण म्हणे, विचारतच नाहीत. दुसरा म्हणे, थेट घरी पाठवतात. मंदार गप्प होता. तो गप्प राहिला की मला आणखी संशय यायचा.

मग कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसमधून मलाच फोन आला. तो आमच्याकडे राहतो म्हणून. समोरचा माणूस मल्याळी असावा, हिंदीत बोलत होता. "आपके भाई ने कभी नशा किया है?"

"कभी नहीं," मी म्हणाले.

संध्याकाळी मंदारला हे सांगितलं, तर तो खुर्चीत बसूनच राहिला. "ताई, मी त्यांना सगळं सांगितलंय. केंद्राचे कागदही दिलेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू झोपली नसतीस."

आता आमच्या दोघांचं सांगणं जुळत नव्हतं, आणि पास अडकला. दोघांना एकत्र बोलावलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "बहनजी, झूठ क्यों?" भीतीमुळे, मी सांगितलं. ते म्हणाले, मग आता तुमच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? तो परत त्या वाटेला गेला नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक?

मंदार शेजारीच बसला होता. मी म्हणाले, "मी रोज त्याचे खिसे तपासते. बॅग, गादीखाली, फोन, सगळं. इथे आल्यापासून. आजपर्यंत काही सापडलं नाही."

साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. मंदार भिंतीकडे बघत होता.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. तू वस्तू चुकीच्या खिशात परत ठेवायचीस."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? थांब म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, काहीतरी लपवतोय."

तपासण्या झाल्या, पुन्हा प्रश्न झाले, आणि पास मिळाला. तो रुवैसला राहायला गेला. जाताना मला नमस्कार केला, पण सामान स्वतःच भरलं, मला हात लावू दिला नाही. मग बरेच दिवस फोनवर नुसतं "सगळं ठीक, इन्शाल्ला".

गेल्या महिन्यात त्याने जेवायला बोलावलं. वाळवंटातून लांबचा रस्ता, मी एकटीच गेले. त्याने पिठलं केलं होतं. मी खोलीभर नजर फिरवत होते, ते त्याने पाहिलं. उठून कपाट सताड उघडलं. "बघ, ताई."

मी बघितलं नाही, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण मी बघितलं, खालच्या कप्प्यापर्यंत. तो दाराला टेकून उभा राहिला, रागावला नाही. मग ताटं वाढली.

आई फोनवर विचारते, मंदार आता घरी कधी येणार? काय सांगू तिला. बार्शीत सगळे त्याच्याकडे बघायचे आणि तो मान खाली घालायचा. इथे मी बघते, आणि तो बघू देतो. सध्या आमचं घर एवढंच आहे.