आव्गो म्हणजे अंडं

चंदीगडला आम्ही सेक्टर बावीसमध्ये खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. आमचे हे एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. वरच्या मजल्यावर त्याच दवाखान्यातले एक मराठी डॉक्टर आणि त्यांची बायको. ती ग्रीस देशाची. विलायतेत शिकताना त्यांची गाठ पडली म्हणे. तिला इंग्रजी आणि तिची भाषा यायची. मला मराठी आणि भाजी घेण्यापुरती हिंदी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात स्वभाव असा, की कडी वाजली की मी आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि कोण आलंय ते मग ऐकायची.

पंजाबात तेव्हा रोज काहीतरी घडायचं. इथेही बाजार मध्येच बंद व्हायचा, कर्फ्यू लागायचा. तसल्या दुपारी ती खाली येऊन बसायची. बोलायला शब्द नाहीत, म्हणून मी बाजारातून फळभाज्यांचा मुलांचा तक्ता आणून भिंतीला लावला. चित्राखालचं हिंदी नाव वाचून मी मराठी सांगायची, इंग्रजी ती वाचायची, आणि वर आपल्या भाषेतलं सांगायची. कांदा ओनियन, क्रेमीदी. लसूण गार्लिक, स्कोर्दो. कलिंगड वॉटरमेलन, कारपूझी. तक्ता संपल्यावर आम्ही डबे उघडले. मीठ अलाती, दूध गाला. एका वहीत मी सगळं लिहून ठेवी. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच वही हातात घेतली होती. मला इतकी मजा येई, की भाजी चिरताना तोंडानं क्रेमीदी क्रेमीदी चाले.

हे म्हणायचे, "परीक्षेला बसतेस की काय? अर्ज भरू?"

मग तिला दिवस राहिले. आई तिकडे सातासमुद्रापार, म्हणून डोहाळे पुरवायचं मी मनानंच अंगावर घेतलं. शिरा, पुरणपोळी, नारळाच्या वड्या. ती ताटावर आडवा हात धरून "नो, नो" म्हणायची. पण आमच्याकडे पहिलं नको ऐकायचं नसतं, दुसरंही नाही. आग्रह करायला शब्द नव्हते, म्हणून मी वाढतच गेले. ती बिचारी मान राखायला खायची, वर जायची, आणि थोड्या वेळानं वरच्या मोरीतून ओकारीचा आवाज यायचा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला दोष नाही. पण तिच्या पोटात काही ठरत नाही. असंच वजन उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल." दवाखान्याचं नाव काढलं की तिचे डोळे भरायचे. मला फार लागलं. काय हवंय ते मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पुन्हा कर्फ्यू लागला तेव्हा दोघे पुरुष कामावरच अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर ती पांढरीफटक, पाणीसुद्धा राहत नव्हतं. हाताला धरून खाली आणली, तक्त्यासमोर खुर्चीवर बसवली. म्हटलं, "यू... ईट... व्हॉट?"

तिचं बोट तक्त्यावरच्या लिंबावर गेलं. "लेमोनी." तांदळाच्या डब्याकडे गेलं. "रीझी." पुढची वस्तू ना तक्त्यावर, ना माझ्या डब्यांत. तिनं वही ओढली आणि एक लांबट गोल काढला. "एग. आव्गो."

अंडं! आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. देव त्याच खोलीत फळीवर. मी फळीचा पडदा ओढला, म्हटलं, आजचा दिवस तिकडेच राहा.

आता अंडी कुठून आणायची? मागच्या भिंतीपलीकडे एक सरदारीण राहायची. तीन वर्षांत मी तिला नुसता नमस्कार केला होता. बादली पालथी घातली, वर चढले. "बहनजी, अंडे हैं?"

ती कपडे वाळत घालता घालता थांबली. "हाय नी, तू बोलदी वी ऐं? मैं तां समझी सी रब ने जुबान ही नहीं दित्ती!"

ही मला मुकी समजत होती. हसू की रडू कळेना. "ऊपरवाली... बच्चा होनेवाला... कुछ खाती नहीं," एवढं कसंबसं सांगितलं. ती आत पळाली आणि चार अंडी ओढणीच्या टोकात बांधून भिंतीवरून दिली. "हौली, पुत्तर, टुट्ट न जाण!" म्हणजे हळू, फुटतील हो.

पहिलं अंडं मी जमिनीवरच फोडलं. दुसऱ्याचं कवच भांड्यात. ती आजारी बाई हसायला लागली. उरलेली दोन तिनं स्वतः फोडली आणि मला फेटायला लावली. भाताची पातळ पेज आम्हा कोकणातल्यांना नवी नव्हती. अंड्यात लिंबू पिळायचं आणि त्यात गरम पेज चमचा चमचा घालायची. मी डाव उचलला की ती मनगट धरायची. "स्लो, वहिनी, स्लो." घाई केली तर अंडं फाटतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच समजलं. फाटलं नाही. पिवळंधमक, सायीसारखं झालं.

तिनं एक चमचा घेतला. डोळे मिटले. मी मोरीच्या दाराकडे बघत होते. दुसरा चमचा. वाटी संपली. तिनं आपणहून ती पुढे केली. दुसरी वाटी संपवून ती आमच्याच खाटेवर आडवी झाली आणि गाढ झोपली. तासभर मी हललेच नाही. काही उलटलं नाही.

दुपारी कर्फ्यू सुटला, दोघे घाईघाईनं आले. डॉक्टर दारातूनच, "वहिनी, हिनं काही..."

एरवी मी आत गेले असते. तिथेच उभी राहून म्हटलं, "खाल्लं. दोन वाट्या. आणि राहिलं पोटात."

ते बूट न काढताच उंबऱ्यावर बसले. यांनी मात्र हवा हुंगली. "अंडं? आपल्या घरात?"

"हो. मी आणलं."

"अगं, मग आधी सांगायचंस! तीन वर्षं मी कँटीनमध्ये चोरून आम्लेट खातोय!"

मी इतक्या मोठ्यानं हसले, की डॉक्टरांनी खाटेकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. तोंडात पदर कोंबला तरी हसू थांबेना.