उपास आणि उपाशी

फास्टिंग शुगर दोनशे अठरा. रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवला आणि मग मी बाकावर बसलेल्या मानवतच्या आजींना सहज विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई ग माय. उपास हाय. फकस्त साबुदाण्याची खिचडी, अन् दोन केळं."

फास्टिंग म्हणजे आठ-दहा तास पाण्याशिवाय पोटात काही नको. आम्ही सांगतो, 'उपाशी या.' आजींनी उपास ऐकला. चूक माझी होती. हे रक्त काढण्याआधी विचारायचं असतं.

मी सेलूच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात लॅबचं काम शिकते. झरीच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. तेव्हा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, चालू होते. मीही कडक उपास धरलेला. वहीत रोज खूण करायचे. वाटायचं, देव खूश राहिला की ट्रेनिंग टिकेल. त्या सकाळी माझं सगळं लक्ष माझ्याच उपासाकडे होतं.

आजींना उद्या काही न खाता परत यायला सांगितलं आणि धावत डॉक्टरांकडे गेले. ते गोळीचा डोस वाढवतच होते. रिपोर्ट परत घेतला आणि लॅबच्या प्रमुख रूथ मॅडमना सगळं सांगितलं, वहीतल्या उपासाच्या खुणांसकट. मला पुढे ठेवायचं की नाही, ते त्यांच्या सहीवर होतं.

"सही कालच केली मी," त्या म्हणाल्या.

"पण आज मी चुकले, मॅडम."

"चुकशील हे धरूनच केली. आमची म्हणून घेतलंय, म्हणून तर आता रागवायलेय. येशूनं तरी काय वेगळं केलंय? आधी आपलं म्हटलं, मग शिकवायलाय. तू मात्र रोज नवा अर्ज करायलीस त्याच्याकडे."

"मग उपास सोडू का?"

"धर की. त्याची लाच करू नको, एवढंच."

मी रडता रडता हसले. तेवढ्यात आजी दारात आल्या. "उद्या खरंच कायबी खायचं न्हाई?"

"चहासुद्धा नाही, आजी."

"मंग तुमचा उपास लय कडक हाय बाई. देवाचा बरा."

मॅडम खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी आजींची शुगर एकशे सव्वीस आली. डोस होता तोच राहिला.

हाकलून देतील ही भीती गेली की माणूस कामात सैल पडतं, असं मला वाटायचं. माझं उलट झालं. आता सुई टोचण्याआधी मी तीनदा विचारते. पेशंट कंटाळतात.